डावीकडची मी

मागच्या दिवाळीची गोष्ट. पहाटे ट्रॅव्हल्सनं मेहकरला सोडलं. तिथून पहिली एसटी पकडून मी डोणगावला उतरले आणि स्टँडसमोरच्या टपरीवर चहा सांगितला. तुमच्यापैकी जे कुणी पुण्या-मुंबईत नोकरी करतात आणि सणाला गावी जातात, त्यांना हा चहा नक्की माहीत असेल. दहा मिनिटांत घरी चहा मिळणारच असतो, तरी हा लागतोच! तर तो ग्लास हातात घेऊन मी सहज समोर पाहिलं, आणि समोरच्या विजेच्या खांबावरून मीच माझ्याकडे बघत होते.

तेही एकदा नाही, दोनदा.

डावीकडे मी. उजवीकडेही मीच. म्हणजे नाक माझंच, डोळे माझेच, दादाच्या लग्नात नेसलेली मोरपंखी साडीही माझीच... पण चेहरा असा, जणू कुणी दुधात बुडवून काढलाय. डाव्या फोटोखाली लिहिलं होतं ‘आधी’, उजव्या फोटोखाली ‘नंतर’. वर गुलाबी अक्षरांत ब्युटी पार्लरचं नाव, मध्ये ‘ब्रायडल मेकअप, फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग’, खाली मोबाइल नंबर. आणि अगदी तळाशी, तिरक्या अक्षरांत एक ओळ : ‘उजळू द्या तुमचं खरं रूप!’

टपरीवाल्या पोरानं एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“ताई, फोटो तुमचाच हाय ना?”

“कोणता?” मी विचारलं.

त्यानं पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, “डावीकडचा.”

पार्लर आमच्या वहिनींचं. वहिनींनी मेहकरला जाऊन ब्युटी पार्लरचा कोर्स केला, बचत गटातून कर्ज काढलं, आणि घराच्या पुढच्या खोलीत आरसा, फिरती खुर्ची आणि स्टीमर मांडला. मला त्याचा सॉलिड अभिमान होता, अजूनही आहे. पुण्यात चार जणांना सांगत फिरले होते, की आमच्या वहिनी बिझनेसवुमन झाल्यात म्हणून. फ्लेक्स मात्र माझ्यासाठी ‘सरप्राइज’ होता.

उंबऱ्यातच वहिनींनी विचारलं, “पाहिला का, ताई? कसा वाटला?”

“वहिनी, माझा फोटो...?”

“मग! मॉडेल कुठून आणू मी? आणि तुम्ही पुण्याला असता, पेपरात लिहिता, गावात नाव आहे तुमचं. बायका म्हणतात, हिच्या नणंदेनं केलं म्हणजे चांगलंच असेल.”

“अहो, पण ‘आधी’मध्ये मी?”

वहिनींना खरंच कळेना मला काय म्हणायचंय ते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “उजवीकडचा फोटो पण तुमचाच आहे ना, ताई!”

आता बोला! माझ्याकडे मास कम्युनिकेशनची डिग्री आहे. जाहिरातीतल्या प्रतिमा या विषयावर एक अख्खा पेपर होता आम्हाला, आणि त्यात मला चांगले मार्क्स आहेत. पण त्या उंबऱ्यात पायातली चप्पल काढता काढता मला “हो, पण...” याच्या पुढे एक शब्द सुचला नाही. आजीनं आतून हाक मारली, “कायले तोंड पाडलं वं? फोटो त मस्त आला तुहा!” कोणता, हे आजीला विचारायचं धाडस काही झालं नाही.

खरा भडका उडाला तो आई शेतातून आल्यावर. आईनं फ्लेक्स आदल्या संध्याकाळी पाहिला होता आणि ती माझ्यापेक्षाही जास्त भडकलेली होती. मला बरं वाटलं. चला, घरात कुणीतरी माझ्या बाजूनं आहे! पण तिचं म्हणणं ऐकलं आणि माझी विकेटच पडली. आईचा आक्षेप असा, की लग्नाची मुलगी आहे, आणि तिचा डावीकडचा फोटो भर चौकात लावला कशाला? कारण उजवीकडचा फोटो वहिनींनी करून घेतलेला नव्हताच. तो दोन वर्षांपासून तयार होता. माझ्या बायोडाटासाठी स्टुडिओवाल्यानं बनवलेला. तोच फोटो लावून, खाली ‘वर्ण : गव्हाळ’ असं लिहून आईनं तो वाशीम, चिखली, अकोला आणि कुठे कुठे पाठवला होता. वहिनींनी फक्त मूळ फोटो शोधून त्याच्या शेजारी ठेवला. म्हणजे जगासमोर सगळा पुरावाच मांडला!

बायोडाटा मी पाहिला नव्हता का? पाहिला होता. व्हॉट्सअॅपवर आला तेव्हा हसण्याच्या चार इमोजी पाठवल्या आणि पुढच्या कामाला लागले.

‘गव्हाळ’ या शब्दावर खरं तर एखादा प्रबंध व्हायला हवा. आपल्याकडच्या बायोडाटात आणि स्थळांच्या जाहिरातींत गोरी असते, निमगोरी असते, गव्हाळ असते, फार तर सावळी. काळी मुलगी कागदावर कधी जन्मालाच आलेली नसते. गव्हाचा तो एक दाणा जवासापासून उडदापर्यंत सगळ्यांना पोटात घेतो. आमच्या घरात दोन मुली. ताई गोरी, मी उडीद. लहानपणी पाहुणे दोघींना शेजारी उभं करायचे आणि आईला विचारायचे, “ही पण तुमचीच का?” हसायचे. आईही हसायची. मीही हसायचे, कारण सगळे हसत असताना एकटीनं न हसणं फार अवघड असतं.

आठवीत असताना मी एका क्रीमच्या पुड्या आणून कंपासपेटीत लपवून ठेवायचे. रोज रात्री लावायचं आणि ‘कालनिर्णय’च्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचं. टीव्हीवरच्या मुलीचा चेहरा काही आठवड्यांत बदलायचा. एकाच चेहऱ्याच्या ओळीनं मांडलेल्या छटा दाखवायचे, गडद ते फिकट, रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डसारख्या. माझी टिंबं वाढत गेली, शेड काही बदलली नाही. मग एक दिवस आजीनं पेटी उघडली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, “स्नो लावतं का?” आजीच्या भाषेत तोंडाला लावायची पांढरी वस्तू म्हणजे स्नो. आपण आजही ‘स्नो-पावडर’ म्हणतो, तो शब्द ‘अफगाण स्नो’च्या काळाचा. मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये बाजारात आणलेली ही क्रीम. म्हणजे चेहऱ्यावर बर्फ चोपडण्याचा आपला नाद शंभर वर्षांहून जुना आहे. ‘फेअर अँड लव्हली’ त्यामानानं तरुण, १९७५ ची.

कॉलेजला गेल्यावर एका लेक्चरमध्ये सरांनी प्रोजेक्टरवर ‘फेअर अँड लव्हली’ची ती गाजलेली जुनी जाहिरात दाखवली. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. घरात चहा-कॉफीलाही पैशांची ओढाताण, बाप उसासा टाकतो की मुलगा असता तर बरं झालं असतं, सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, उजळते, एअर होस्टेस होते आणि आई-बापाला पॉश हॉटेलात कॉफी प्यायला घेऊन जाते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार केली, प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि माहिती व प्रसारण मंत्रालयापर्यंत गेलं, आणि २००३ मध्ये कंपनीनं वादातल्या जाहिराती थांबवल्या. मी तेव्हा पहिलीत असेन.

लाइट लावल्यावर सरांनी विचारलं, “ही जाहिरात रेसिस्ट आहे का?” वर्गात सरळ दोन तट पडले. एक मुलगा (तो आता एका बँकेत चांगल्या पोस्टवर आहे) म्हणाला, “सर, रेस कुठे आहे यात? वंश वेगळा, रंग वेगळा. एकाच घरात एक बहीण गोरी असते, एक काळी. मग काय एक बहीण दुसरीशी वंशभेद करते?” वर्ग हसला. त्याला माझ्या घराबद्दल काहीच माहीत नव्हतं, तरी मला वाटलं तो माझ्याचकडे बघून बोलतोय.

मुद्दा तसा बिनतोड होता, आणि मी बरीच वर्षं तो मनात घोळवत राहिले. अमेरिकेतला प्रश्न वेगळा, आपला वेगळा, हे खरंच आहे. पण आपली भाषा बघा ना. ‘रेसिझम’ला आपण मराठीत म्हणतो वर्णद्वेष. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्या ऐकत मोठी झालेली आपली सगळी पिढी हा शब्द बिनदिक्कत वापरते. आणि बायोडाटात कोणता रकाना असतो? वर्ण. तोच शब्द! तिकडे तो पाप असतो आणि इकडे उंची आणि रक्तगटाच्या मधला एक तपशील. त्यात आपल्याकडे वर्ण म्हटलं की रंगाच्या मागोमाग जात येऊन उभी राहतेच. ‘फँड्री’मधला काळा जब्या आणि गोरी शालू आठवा. तिथे नुसता रंग आडवा येतो असं कुणी म्हणेल का? आमच्याकडे कुणी काळं असलं की लोक आधी रंगाबद्दल बोलतात, मग आवाज खाली करून आडनाव विचारतात. मग ‘रेस कुठे आहे’ या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ?

आणि दुसरं असं, की ही डावी-उजवीकडची आयडिया काही आपण शोधलेली नाही. १८८० च्या दशकात इंग्लंडात पेअर्स साबणाच्या जाहिरातीत एका काळ्या पोराला टबात बसवून धुतलं जायचं आणि तो मानेखाली गोरा होऊन निघायचा. (आमच्याकडे दिवाळीला मोती आणि पाहुण्यांसाठी पेअर्स! साबणाचा वास इतका छान, की इतिहास कोण विचारतो?) त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी, २०१७ च्या ऑक्टोबरात, डव्हनं फेसबुकवर एक छोटीशी क्लिप टाकली. काळी बाई तपकिरी टी-शर्ट डोक्यावरून काढते आणि आतून गोरी बाई निघते. जगभर बोंबाबोंब झाली, कंपनीनं माफी मागितली, क्लिप काढली.

त्यातली माझी आवडती गोष्ट वेगळीच आहे. त्या क्लिपमधली काळी मॉडेल लोला ओगुन्येमी हिनं नंतर ‘गार्डियन’मध्ये लेख लिहून सांगितलं, की मला बिचारी समजू नका. गोऱ्या बाईनंतर आणखी एक तिसरी बाई येते आणि सगळ्या प्रकारच्या त्वचा दाखवणं हा हेतू होता असं तिला वाटलं होतं. आपल्यासारख्या रंगाच्या बाईला एवढ्या मोठ्या ब्रँडच्या जाहिरातीत बघण्याची संधी तिला महत्त्वाची वाटली होती. पण कंपनीनं आधीच नीट विचार करायला हवा होता, हेही तिनं सुनावलं. मी तो लेख तेव्हा असाइनमेंटसाठी वाचला होता. ‘आधी’ कुणाला म्हणायचं हे कुणी आपल्याला विचारत नाही, आणि वाद सुरू झाल्यावर ‘तुला वाईट वाटलं’ हेही लोकच परस्पर ठरवतात, हे मला त्यातून समजलं होतं. म्हणजे, परीक्षेपुरतं समजलं होतं.

आता जरा माझ्याबद्दल. फ्रीलान्स जर्नालिस्ट हा शब्द ऐकायला कूल वाटतो, पण त्यात घरभाडं निघत नाही. म्हणून मी जाहिरातींचं मराठी करते. एका एजन्सीकडून (नाव नको, अजून एक बिल यायचंय!) मेल येते, मी इंग्रजी किंवा हिंदीवरून मराठी करून पाठवते. काही वर्षांपूर्वी एका फेस क्रीमचं काम आलं. तोवर जग बदललं होतं. जाहिरातदारांसाठी मुंबईतल्या ‘अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिल ऑफ इंडिया’नं २०१४ मध्ये नियमच करून ठेवले होते : काळ्या-सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक, लग्नात किंवा नोकरीत मागे पडलेला असं दाखवायचं नाही. क्रीम लावण्याआधीचा चेहरा पडलेला दाखवायचा नाही. रंगाचा संबंध जातीशी, धर्माशी, व्यवसायाशी किंवा आर्थिक स्तराशी जोडायचा नाही. मग २०२० चा मे महिना आला, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याचे धक्के पार आपल्या बाथरूमच्या कपाटापर्यंत पोचले. शादी डॉट कॉमनं त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढला. हिंदुस्तान युनिलिव्हरनं त्याच जूनमध्ये ‘फेअर’ हा शब्द सोडत असल्याचं जाहीर केलं आणि जुलैत नाव झालं ‘ग्लो अँड लव्हली’. गंमत म्हणजे त्यानंतर पुरुषांच्या क्रीमचं ‘ग्लो अँड हँडसम’ हे नाव कुणाचं, यावरून इमामी आणि युनिलिव्हर कोर्टात गेले! इमामीची ‘फेअर अँड हँडसम’ २००५ पासून होती. २०२५ मध्ये तिनंही ‘फेअर’ला निरोप दिला आणि ती ‘स्मार्ट अँड हँडसम’ झाली.

तर त्या कामाच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर एकाच मुलीचे दोन चेहरे होते. आर्टमधल्या एका ज्युनियर मुलीनं घाबरत घाबरत विचारलं, “हे थोडं ऑफेन्सिव्ह नाही का वाटत?” मग अर्धा तास जोरदार चर्चा. क्लायंटकडचे साहेब म्हणाले, दोन्ही चेहरे इंडियनच आहेत. दुसरं कुणी म्हणालं, ट्विटरवर उगाच ट्रेंड नको व्हायला. शेवटी तोडगा निघाला. चेहरा एकच ठेवायचा, मात्र खिडकीतून उजेड असा सोडायचा, की डावा अर्धा सावलीत आणि उजवा अर्धा प्रकाशात राहील. सगळे खूश. ‘आधी’ आणि ‘नंतर’ आता एकाच तोंडावर राहायला आले!

माझ्यासाठी शब्दांची यादी आली. हे चालणार नाही : गोरा, गोरेपणा, फेअर, व्हाइटनिंग. हे चालेल : तेज, चमक, नितळ, ग्लो. आणि ‘ब्रायटनिंग’साठी मराठी शब्द सुचवा. मी सुचवला, ‘उजळ’. साहेबांना फार आवडला. तो आवडणारच होता, कारण उजळ म्हणजे काय हे आपल्याकडे प्रत्येकाला कळतं आणि कुणाला पकडता येत नाही. मुलगी ‘जरा उजळ आहे हं’ असं म्हणणाऱ्या मावशीवर वर्णद्वेषाचा गुन्हा लागत नाही. हजार-बाराशे रुपयांचं काम असेल ते. त्या ज्युनियर मुलीच्या बाजूनं मी बोलले का? नाही. कॅमेरा बंद करून बसले होते, नेटवर्कचं कारण सांगून.

आणि आता फ्लेक्सवरची ती तळाची ओळ आठवा. ‘उजळू द्या तुमचं खरं रूप!’ ती ओळ मीच लिहिलेली आहे. दिवाळीच्या दीडेक महिना आधी वहिनींचा मेसेज आला होता, “ताई, पार्लरसाठी मराठीत एक मस्त लाइन द्या ना.” मी मेट्रोत उभ्या उभ्या दोन मिनिटांत टाइप केली आणि वर एक टाळ्यांची इमोजी पाठवली. म्हणजे चित्र वहिनींचं, फोटो आईचा, ओळ माझी. आता भांडायचं कुणाशी?

तरी भांडले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सगळं आवरल्यावर, वहिनी आणि मी पार्लरच्या खोलीत बसलो होतो. त्या फिरत्या खुर्चीत, मी स्टुलावर. मी त्यांना सगळं सांगितलं. कंपासपेटीतल्या पुड्या, ‘ही पण तुमचीच का’, स्टँडवरचं पोरगं. म्हटलं, वहिनी, त्या ‘आधी’खाली मी पुन्हा आठवीतली होते. वहिनी गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला वाटलं तुम्ही त्याच्या पुढे गेल्या असाल. एवढं शिकल्या म्हणून.”

ते मला लागलं. म्हणून मी जरा लेक्चरच झोडलं. म्हटलं, मेहकरचा आपला शारंगधर बालाजी बघा, काळ्या पाषाणाचा, माणसापेक्षा उंच. १८८८ साली जमिनीतून निघाला, तेव्हापासून लोक त्याच्यापुढे डोळे भरून उभे राहतात. काळ्या विठ्ठलाला आपण माउली म्हणतो. मग...

“ताई,” वहिनींनी मध्येच तोडलं, “बालाजीच्या दर्शनाला येतात. त्याला बघायला कोणी येत नाही.”

मी हसले, कारण दुसरं काय करणार?

मग त्या म्हणाल्या, आता माझं ऐका. या खुर्चीत कोण बसतं माहिती आहे का? कापूस वेचायला जाणाऱ्या बायका बसतात. नवऱ्याचा फुलशर्ट घालून, तोंडाला रुमाल गुंडाळून दिवसभर उन्हात असतात, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी येऊन विचारतात, तोंडाचा आणि हाताचा रंग एक करता येईल का? कारण मंडपात बसल्यावर हातावरून कळतं, कोण रानात जातं आणि कोण नाही. “त्यांना मी काय सांगू? काळं छान असतं म्हणून परत पाठवू? त्या शेजारच्या गावातल्या पार्लरला जातील. आणि ती सिरीयल होती ना, ‘रंग माझा वेगळा’, आम्ही सगळ्या बघायचो. दीपा काळी म्हणून तिचा किती छळ. पण त्या बाईला तरी काळी कुठून घेतली? गोरीलाच रंग लावून काळी केली. टीव्हीवाल्यांना काळी बाई मिळाली नाही, आणि मी डोणगावात एका ब्लीचवर सुधारणा करू?”

रेश्मा शिंदेला रोज गडद मेकअप करून दीपा बनवायचे, हे खरंच आहे. स्टार प्रवाहवर ही मालिका २०१९ पासून २०२३ पर्यंत चालली आणि काळ्या मुलीची बाजू घेणारी म्हणून घराघरात कौतुकानं पाहिली गेली. यावर माझं मत तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे. काळ्या मुलीची गोष्ट सांगायलाही जिथे गोरा चेहरा लागतो, तिथे ‘रेस कुठे आहे’ विचारणाऱ्या त्या बँकवाल्या मित्रानं मला पुन्हा भेटावं. पण वहिनींसमोर हे मत काही कामाचं नव्हतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. कर्जाचा हप्ता दर महिन्याला होता, आणि सोयाबीनचा भाव काय मिळाला ते घरात कुणी सणाच्या दिवशी बोलत नव्हतं.

“तुम्ही लिहिता त्या कंपन्यांना सांगितलं का कधी, हे बरोबर नाही म्हणून?” वहिनींनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, “नाही.”

“मग मलाच कशाला?” असं त्या म्हणाल्या नाहीत. उठल्या, आरशावरचा कपडा सारखा केला आणि म्हणाल्या, “तुमचा फोटो काढते मी. तुम्हाला वाईट वाटलं ना, मग नको. पण वाईट का वाटलं ते मला अजून पूर्ण कळलं नाही, खरं सांगते. ‘आधी’वाली पण मला सुंदरच दिसते. म्हणून तर लावली.”

तक्रार करायची तर त्या काउन्सिलकडे ऑनलाइन करता येते. मी पुण्याला परतताना ट्रॅव्हल्समध्ये सहज तो फॉर्म उघडून पाहिला होता. जाहिरातदाराचं नाव लिहायचं होतं. वहिनींचं नाव लिहिणार होते की माझं, कुणास ठाऊक. सिंदखेडराजाच्या पुढे रेंज गेली, तेच बरं झालं.

घरी बायोडाटाचं म्हणाल, तर आईशी तह झाला. फोटो मूळचाच जाणार, ‘वर्ण’चा रकाना उडवायचा. आईनं मान्य केलं, पण एका अटीवर. फोटो निदान चांगल्या उजेडात तरी काढ म्हणे! त्यानंतर दोन स्थळांकडून रकाना राहिला का, म्हणून विचारणा झाली. आई म्हणाली, टायपिंगची चूक असेल. एजन्सीचं पुढचं काम आलं तेव्हा मी ‘उजळ’ऐवजी ‘ताजातवाना’ लिहून पाठवलं आणि खाली कारणही लिहिलं, दोन ओळींत. साहेबांनी ‘ताजातवाना’ खोडून ‘उजळ’ केलं. कारणावर काही बोलले नाहीत. बिल मात्र पास केलं.

डिसेंबरात एक दिवस लंच अवरमध्ये वहिनींचा व्हॉट्सअॅप आला. “ताई, बदलला बघा फ्लेक्स! लग्नाच्या दोन ऑर्डरी पण आल्या.” खाली फोटो. तोच खांब, तीच टपरी, चहावालं पोरगं कोपऱ्यात अर्धवट आलेलं. फ्लेक्सवर डावीकडे एक परदेशी मुलगी, सोनेरी केस, निळे डोळे, गालावर चार मुरमं. उजवीकडे तीच मुलगी, मुरमांशिवाय. स्टुडिओवाल्यानं नेटवरून काढली असणार.

पाठोपाठ व्हॉइस मेसेज. वहिनींचा आवाज एकदम खुशीत होता : “आता दोन्हीकडे गोरीच घेतली, ताई. कोणाला वाईट वाटायचा प्रश्नच नाही. लाइन मात्र तुमचीच ठेवली हं!”